फोन जुना, पण व्यवहार चोख हवा!

दारावर बोहारीण आली की आपण काय करतो ते आठवा. चार जुन्या साड्या आणि ह्यांची एक पँट पुढ्यात टाकतो, आणि तिने काढलेलं पातेलं हातात आलं की आधी उलटं करून बूड बघतो. उजेडाकडे धरून छिद्र दिसतंय का ते पाहतो, टिचकी मारून वाजवतो, झाकण नीट बसतं का ते तपासतो. पाऊण तास घासाघीस करून वर एक चमचा मिळवल्याशिवाय तिला उठू देत नाही. दीडदोनशे रुपयांच्या भांड्यासाठी ही आपली तऱ्हा! आणि सहासात हजारांचा वापरलेला फोन, तोही ज्याचं नावगाव ठाऊक नाही अशा माणसाकडून घेताना मात्र आपण जाहिरातीतला फोटो पाहूनच हुरळून जातो. 'आपण' म्हणते आहे, कारण मी स्वतः हुरळले होते.

गोष्ट जून २०२४ मधली. आमची धाकटी दहावी होऊन अकरावीत जायची होती. क्लासच्या नोट्स फोनवर, वेळापत्रक फोनवर, मैत्रिणी तर काय सगळ्या फोनवरच. नवा फोन बाराचौदा हजारांच्या खाली नाही. भिशीचे साडेसहा हजार माझ्याकडे होते, अगदी कपाटातल्या पैठणीच्या घडीत. म्हटलं, वापरलेला बघू या. हल्ली घरातल्या नको झालेल्या वस्तूंच्या जाहिराती लोक फोनवरच टाकतात, तशा एका ठिकाणी मला हवा तसा फोन दिसला. बाजारात तसलाच जुना फोन दहाअकरा हजारांना होता, हा गृहस्थ आठ म्हणत होता. मी साडेसहा म्हटलं आणि तो लगेच 'चालेल ताई' म्हणाला. मला वाटलं, काय पण घासाघीस केली! खरं तर तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. दीड हजार उतरवल्यावर जो हूं का चूं करत नाही, त्याला ती वस्तू लवकरात लवकर हातावेगळी करायची असते.

मिरज स्टेशनच्या बाहेर भेटायचं ठरलं. आम्ही सांगलीत राहतो, म्हणजे काही लांब नाही. भाच्याला बरोबर घेतलं. पंचविशीतला, साधा शर्ट घातलेला मुलगा होता. बहिणीचं लग्न आहे, पैशांची नड आहे म्हणाला. भाच्याने गाणं लावून पाहिलं, दोन फोटो काढले, खेळ चालतो का ते बघितलं. बिलाचं विचारलं तर "गावाकडे राहिलंय, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतो" म्हणाला. मी पैसे मोजून दिले. ह्यांना सांगितलं, भाच्याच्या मित्राचा आहे, स्वस्तात मिळाला. भिशीच्या पैशांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

नवव्या दिवशी फोनचं नेटवर्क गेलं. कार्ड काढून घातलं, माझं कार्ड घालून पाहिलं, काही नाही. दुरुस्तीवाल्याने तोंड वाकडं करून सांगितलं, "वहिनी, हा फोन वरूनच बंद झालाय." आणि आणखी दोन दिवसांनी मुलीच्या नंबरवर दुसऱ्या तालुक्यातल्या पोलीस ठाण्यातून फोन आला. फोनमध्ये कोणतं कार्ड कधी घातलं याची नोंद मोबाइल कंपन्यांकडे असते, त्यावरून त्यांनी आम्हाला शोधलं होतं. सोळा वर्षांच्या पोरीला पोलिसांचा फोन! ती रडतच स्वयंपाकघरात आली. मग मला भिशीपासून मिरजेपर्यंत सगळं ह्यांना सांगावं लागलं. हे काही बोलले नाहीत. शर्ट अंगात घातला आणि म्हणाले, "चल."

ठाण्यातले हवालदार सज्जन होते. खुर्ची दिली, पाणी दिलं. पण त्यांनी विचारलेल्या एकाही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन कोणाकडून घेतला? नाव सांगितलं ते खरं होतं का कोण जाणे. पत्ता? नाही. बिल? नाही. पावती? नाही. पैसे कसे दिले? रोख. त्याची जाहिरात? ती त्याने केव्हाच काढून टाकली होती, नंबरही बंद. माझ्याजवळ पुरावा म्हणून होतं काय, तर व्हॉट्सअॅपवरचं 'चालेल ताई'.

फोन एका आशाताईंचा होता. एस.टी.त चढताना गर्दीत पर्समधून गेलेला. त्या बाकावर बसल्या होत्या, माझ्यावर रागावल्याही नाहीत. मी फोन टेबलावर ठेवला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्यातलं काही राहिलंय का हो?" त्यांची आई गेल्या थंडीत गेली होती, आणि तिच्या आवाजातल्या जात्यावरच्या दोन ओव्या त्यांनी फोनवर भरून ठेवल्या होत्या. दुसरीकडे कुठे उतरवून ठेवायचं राहून गेलं होतं. घरातली पोरं खेळायला मागतात म्हणून फोनला कुलूप, म्हणजे पॅटर्न वगैरे, काही ठेवलेलं नव्हतं. चोराने सगळं पुसून फोन कोरा केला आणि मला विकला. मी काय सांगणार? मान हलवली. परत येताना एस.टी.त आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

साडेसहा हजार गेले ते गेलेच. चोरीची वस्तू आपण पैसे मोजून घेतली म्हणून आपली होत नाही, ती मूळ मालकाची. वर कायद्याचं आणखी एक आहे, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असूनही जो तो अप्रामाणिकपणे घेतो, तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हेगार ठरतो. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'तसं वाटायला कारण' हे शब्द लक्षात ठेवा, मैत्रिणींनो. निम्म्या किमतीत, बिलाशिवाय, स्टेशनाबाहेर उभ्या उभ्या घेतलेला फोन म्हणजे कारणच नाही का?

आता फोनची जन्मपत्रिका कशी बघायची ते सांगते. प्रत्येक फोनला १५ आकड्यांचा स्वतःचा नंबर असतो, त्याला आयएमईआय म्हणतात. दोन कार्डांच्या फोनला असे दोन नंबर. फोन लावायच्या जागी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश एवढं दाबलं की तो पडद्यावर येतो. हाच नंबर खोक्यावरच्या चिठ्ठीवर असतो आणि दुकानाच्या बिलावरही छापलेला असतो. तिन्ही ठिकाणचे आकडे बोट ठेवून एकेक जुळवा. शेवटचे चार जुळले म्हणून सोडू नका. मग आपल्या फोनवरून साधा मेसेज लिहायचा. इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर, आणि १४४२२ या नंबरवर पाठवायचा. फोन कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा ते उत्तरात येतं. काळ्या यादीत आहे, नंबर दुबार आहे किंवा आधीच वापरात आहे असं काही आलं, तर 'नको दादा' म्हणून उठायचं. हीच सोय दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वरही आहे. हरवलेले फोन बंद पाडण्याची ही नोंदवही सप्टेंबर २०१९ मध्ये आधी आपल्या महाराष्ट्रासाठी सुरू झाली, आणि मे २०२३ पासून साऱ्या देशाला खुली झाली.

पण एवढ्याने भागत नाही, आणि हे मी अनुभवाने सांगते आहे. आशाताईंचा फोन गेला शुक्रवारी. मी घेतला रविवारी. तक्रार द्यायची, हरवलेल्या नंबरचं दुसरं कार्ड काढायचं, मग नोंद करायची, यात त्यांचा पुढचा आठवडा उजाडला. म्हणजे मी रविवारी मिरजेला तो मेसेज पाठवला असता तरी उत्तर चांगलंच आलं असतं! ताज्या चोरीचा फोन यादीत नसतो. तिथे उपयोगी पडतं ते बिल, आणि बिलावर ज्याचं नाव तोच माणूस समोर उभा आहे ना हे बघणं. वाहन चालवायचा परवाना किंवा दुसरं ओळखपत्र दाखवायला सांगा. नुसतं नाव ताडून पाहायचं, त्याचा फोटो काढून ठेवायची गरज नाही. बिल बायकोच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांच्याशी बोलायला मागा. भिडस्तपणा इथे कामाचा नाही. खऱ्या मालकाला याचा राग येत नाही, उलट तोही तुम्हाला दहा प्रश्न विचारतो. फोन हप्त्यांवर घेतलेला होता का, तेही विचारा. असेल तर हप्ते फिटल्याचं पत्र पाहा.

दुसरी खोच आहे ती जुन्या मालकाच्या खात्याची. घर विकताना कुलपाची किल्ली द्यायची राहिली तर नवा मालक दाराबाहेर, तसा हा प्रकार. अँड्रॉइड फोनमध्ये आधीच्या माणसाचं गुगल खातं तसंच राहिलं आणि फोन बाहेरून पुसला, तर सुरू करताना तो जुन्याच माणसाचा पासवर्ड किंवा पॅटर्न मागतो. आयफोनचंही तेच, त्यात 'फाइंड माय' चालू राहिलं की फोन आपल्याला दार उघडत नाही. म्हणून विकणाऱ्याने आपल्यासमोर सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःचं खातं काढायचं, आणि मग आपल्यासमोरच फोन कोरा करायचा. पाचदहा मिनिटं लागतात, लागू देत. फोन पुन्हा सुरू झाला की आपलं कार्ड घालायचं, आपलं खातं टाकायचं, सगळं सुरळीत झालं की मगच पैशाला हात लावायचा. "आधीच कोरा करून आणलाय" म्हणणाऱ्याकडेही हे सुरू करून पाहणं चुकवू नका.

बाकीची तपासणी भाच्यावर सोडू नका, ती आपल्यालाही येते. कोणाला तरी फोन लावा आणि समोरच्याला आवाज नीट जातो का ते विचारा. कानाला लावल्यावर पडदा काळा व्हायला हवा. पडद्यावरचं एखादं चित्र बोटाने धरून कानाकोपऱ्यातून फिरवा, मध्येच सुटलं तर तिथला काच-पडदा बिघडलेला. दोन्ही कॅमेरे पाहा, बोटाच्या ठशाने उघडतो का पाहा. आपला चार्जर लावून पाहा. आणि फोन टेबलावर सपाट ठेवा. पाटावर ठेवलेल्या वाटीसारखा डुगडुगला किंवा मागचं झाकण उचललेलं दिसलं, तर बॅटरी फुगलेली आहे. असा फोन फुकट मिळाला तरी घरात आणू नये. आयफोनमध्ये बॅटरीची तब्येत टक्क्यांत लिहिलेली असते, ८० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करा. शिवाय सेटिंग्जमध्ये सुरक्षेची सुधारणा शेवटची कधी आली त्याची तारीख असते. ती दोनतीन वर्षं जुनी असली तर गाणी ऐकायला फोन ठीक, त्यावर बँकेचे व्यवहार नकोत.

आता पैशांचं. माझी गोष्ट भिशीत फुटली, आणि फुटली ते बरंच झालं. कारण त्या दिवशी सगळ्या गेल्यावर आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी मागे रेंगाळल्या. म्हणाल्या, "तुम्ही बोललात म्हणून सांगते." त्यांनीही फोन घ्यायचा बेत केला होता. विकणारा म्हणे सैन्यात, बदली झाली म्हणून सामान काढतोय. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, सगळं पाठवलं. समोरासमोर भेटायचं म्हटलं तर छावणीत बाहेरच्यांना येऊ देत नाहीत, पार्सलने पाठवतो. आधी पाचशे रुपये बयाणा. मग पार्सलच्या विम्याचे अडीच हजार, 'परत मिळणार'. मग विम्याची रक्कम चुकीची गेली, आणखी अठ्ठावीसशे पाठवा म्हणजे सगळे एकदम परत येतील. असं करत एकूण आठ हजार नऊशे गेले आणि पार्सल काही आलं नाही. गणवेशाला आपण मान देतो, त्याचाच फायदा हे भामटे घेतात. ही युक्ती इतकी जुनी झालीय, तरी रोज कोणी ना कोणी फसतंच.

पण मला हळहळ वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. वहिनी अकरा दिवस गप्प होत्या. नवऱ्याला सांगितलं तर 'तुला कोणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला' हे ऐकावं लागेल, सासूबाईंना कळलं तर महिनाभर तेच. म्हणून गिळून बसल्या. अहो, अशा फसवणुकीसाठी १९३० हा सरकारी नंबर आहे. पैसे त्या चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत तक्रार गेली, तर बँक ते अडकवून ठेवू शकते. इथे तासातासाला किंमत असते. अकरा दिवसांत ते पैसे कुठल्या कुठे गेले! मी त्यांना बसवून नंबर लावून दिला, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या जागेवर तक्रार नोंदवली, तो नंबर कागदावर लिहून दिला. पैसे परत आलेले नाहीत. मग संध्याकाळी त्या आपणहून घरी बोलल्या. जे ऐकावं लागेल असं वाटत होतं ते ऐकावं लागलंच, पण त्या म्हणाल्या, निदान त्या रात्री झोप लागली.

तेव्हा वस्तू हातात नाही तोवर बयाणा नाही, विमा नाही, पार्सल तर मुळीच नाही. "दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे" म्हणून कोणी घाई करू लागला तर त्या गिऱ्हाइकाला शुभेच्छा द्याव्यात. आणि यूपीआयचं एक कायमचं ध्यानात ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, चौकटीचं चित्रही स्कॅन करावं लागत नाही. "तुमचे पैसे परत करतो, एवढं स्कॅन करून पिन घाला" असं कोणी म्हटलं की पैसे आपल्याच खात्यातून जाणार. भेटायचं ते दिवसाढवळ्या, माणसं असतील तिथे, आणि एकटीने नाही. शक्य तर रोख देऊ नका, खात्यातून दिलेल्या पैशाला निदान नाव असतं. जाहिरातीचे आणि बोलण्याचे फोटो काढून ठेवा, ती पुसली जातात.

पावती लिहून घ्यायची लाज वाटू देऊ नका. वहीचा कागदही चालतो. आम्ही लिहून घेतली ती अशी: 'मी, अमुक, राहणार अमुक, माझ्या मालकीचा अमुक कंपनीचा अमुक मॉडेलचा फोन, आयएमईआय नंबर हे दोन, आज अमुक तारखेस सौ. अमुक यांना रुपये इतक्यास विकला. रक्कम यूपीआयने मिळाली. फोनवर कोणाचे कर्ज अथवा हक्क नाही. मूळ बिल व खोके सोबत दिले आहे.' खाली सही, फोन नंबर. एवढंसं लिहायला चार मिनिटं लागतात. मिरजेला मी ही चार मिनिटं काढली असती, तर तो मुलगा सही करण्याआधीच निसटला असता.

'आम्ही लिहून घेतली' म्हटलं, कारण त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही पुन्हा एक वापरलेला फोन घेतला. या खेपेला हेच म्हणाले, बघू या. विकणारं जोडपं विश्रामबागेत राहणारं, बोलावलं ते घरी. नऊ हजार म्हणाले, मी आठ म्हटलं, साडेआठला तुटलं, आणि त्यासाठी चांगली वीस मिनिटं हुज्जत झाली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बिल, खोकं, नंबर, मेसेज, सगळं झालं. त्या गृहस्थांनी खातं काढलं, आता फोन कोरा करायचं बटण दाबणार, एवढ्यात मी विचारलं, "फोटो उतरवून घेतलेत ना सगळे?"

ते म्हणाले, "हो, हो, घेतलेत." आतून त्यांची बायको हात पुसत आली. "बाळाच्या बारशाचे घेतलेत का? आणि आजींचा तो आवाज?"

ते थांबले. घेतले नव्हते. मग त्यांनी दुसरा फोन आणला, आणि एकेक करून सगळं उतरवायला बसले. चांगला तास गेला. चहा दोनदा झाला, आणि निघताना धाकटीच्या हातावर चिवड्याची पुडी ठेवली त्या बाईंनी.